थोरल्या साहेबांचा वारस

लातूर,
१० जुलै २०२४

प्रिय सटवाजी,

सप्रेम नमस्कार.

काल दुपारी आडवा पडलो होतो. झोप नव्हती, नुसती पापणी जड. आणि एकाएकी तो आवाज आला. मुखेडच्या शाळेत, पत्र्याखाली, चौथीचा सगळा वर्ग चालीवर कविता म्हणायचा ना, तो. गुरुजी छडीने टेबलावर ठेका धरायचे, पोरं एका दमात ओळ फेकायची आणि ओळ पत्र्यावर आपटून परत यायची. सगळे थांबले की मागून एकच आवाज शेवटचा शब्द घेऊन यायचा, संथ, संध्याकाळी बैल दावणीला येतो तसा. तो तुझा. गुरुजी म्हणायचे, "आले का सटवाजीराव? बसा." सत्तर वर्षं होत आली. कवितेचे शब्द अर्धेअधिक गेले, चाल मात्र अजून जात नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही. मी काहीही म्हटलं तरी तू "हाव, हाव" म्हणतोस. परवा मी पडलो म्हणून सांगितलं तरी "हाव, लई चांगलं" म्हणालास. म्हणून हे पत्र.

माझं काय सांगू? ही गेल्यापासून घर मोठं झालंय. नळाला आठवड्याने पाणी येतं, तेवढाच एक दिवस घरात गडबड असते. मुरुडच्या आणि अहमदपूरच्या शाळांत मी इतकी वर्षं मराठी शिकवलं, आता रस्त्यात मुलं ओळखतात आणि मला त्यांची नावं आठवत नाहीत. दमायला होतं, सटवाजी. काही न करता दमायला होतं.

पण आज सांगायचं ते वेगळंच आहे. वरच्या मजल्यावर सबिहा मॅडम राहतात, कॉलेजात इंग्रजी शिकवतात. विद्यार्थ्यांच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी त्या संगणकावर आपल्या लाल कंधारी गाईची माहिती शोधत होत्या. सापडलं भलतंच. इंग्लंडमधल्या एका घराण्याच्या किताबाचा इतिहास, आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात मुखेड!

घराण्याचं नाव थॉर्लेट. ओळखलंस ना? आपले थोरले साहेब! आपल्या म्हाताऱ्यांना 'थॉर्लेट' कुठून म्हणता यायचं? निजामाच्या जनावरांच्या खात्यात वळू निपजवायला आलेला तो लांबोडका गोरा, ज्याच्या गोठ्यावर तुझे वडील निवृत्तीकाका राखणीला होते. तो नुसता साहेब नव्हता रे, सर होता. बॅरोनेट. म्हणजे असं की, बापाचं 'सर' थोरल्या मुलाला, त्याचं त्याच्या मुलाला. आपल्याकडच्या पाटीलकीसारखंच, फक्त मागे जमीन असो नसो.

सबिहा मॅडम वाचत गेल्या आणि मी डोळे मिटून ऐकत गेलो. पहिला सर गिल्बर्ट. त्याने परागंदा राजाला घोडे पुरवले, राजा गादीवर परत आल्यावर त्याने घोड्यांचे पैसे दिले नाहीत, 'सर' दिलं. तिसरा सर पार्लमेंटात आयुष्यभर बसला आणि एकदाच बोलला: खिडकी लावा म्हणून. पाचव्याने पत्त्यांत आपलं तळं घालवलं. अख्खं तळं, माशांसकट! आठव्याने वाडा विकला आणि माळ्याच्या घरात राहायला गेला, पण दारावरची पाटी काढली नाही. दहावा दुसऱ्या महायुद्धात पडला. मागे एक तान्ही मुलगी. पण तिथे किताब मुलीला मिळत नाही. तो तिच्या डोक्यावरून उडाला आणि समुद्र ओलांडून तिच्या काकाकडे आला. आपले साहेब एका अडलेल्या गाईशी झटत होते तेव्हा म्हणे त्यांना तार मिळाली, की आजपासून तुम्ही अकरावे सर.

त्यांनी लग्न केलं नाही. १९७९ साली तिकडेच गेले. शेवटची ओळ अशी आहे: पुरुष वारस नसल्याने किताब नष्ट झाला. तीनशेच्या वर वर्षं चाललेली गोष्ट, आणि एका ओळीत खलास.

आणि मग मला तू दिसलास. तुझे ते घारे डोळे. गावात काय म्हणायचे ते तुला मी सांगायला नको. ती तान्ही मुलगी आता म्हातारी आहे, रोझमंडबाई. त्या पानाखाली तिचा पत्ता आहे. सटवाजी, समज, ती ओळ खोटी असेल तर? समज, तो दिवा मालवलाच नसेल, नांदेडला एखाद्या गल्लीत जळत असेल तर?

तिला लिहावं म्हणतो. तुझं काय म्हणणं?

तुझा,
व्यंकट


नांदेड
२५ जुलै

मास्तर, रामराम.

पत्र मिळालं. मी हितं बरा हाय. पडलास म्हनून आता समजलं. जपून ऱ्हा.

लिवू नको. कुनालाबी लिवू नको.

तुला ती गोष्ट कवितेवानी वाटून राहिली. मला तशी न्हाई. तू गावात बामनाच्या आळीत राहायचास, तुला लोक हाक मारताना बापाच्या नावानं मारायचे. मला कसं मारायचे ठावं हाय ना? "ए सायबाचं." हिरीवर, बाजारात, पंगतीत. पोळ्याला बैल सजवताना मला म्हनायचे, तू घोडा सजव, तुझ्या बापाचा घोडा हुता. मी सोळाव्या वर्षी गाव सोडून नांदेडला गिरणीत लागलो ते काय पगारासाठी न्हाई.

माझ्या आईची चार लेकरं माझ्या आधी गेली, म्हनून माझं नाव सटवाईवरून सटवाजी. आई सांगायची, तुला जगवायला सायबाच्या वटीत घातलं आन् कोंडा देऊन परत इकत घेतलं. आता तूच सांग. वटीत घालायची रीत हाय, मला ठावं हाय. पन लेकरू फकिराच्या वटीत घालतेत, न्हाईतर शेजारनीच्या. गोऱ्या सायबाच्या कोन घालतं? लोक फिदीफिदी हासायचे. म्हनायचे, नागुबाईनं गोष्ट झ्याक रचली.

माझा बाप निवृत्ती. त्यानं मला कधी दुजाभाव दाखवला न्हाई. तेवढं बास हाय मला. ही म्हातारपनची गंमत सोड.

सटवाजी


लातूर,
८ ऑगस्ट २०२४

प्रिय सटवाजी,

तुझं पत्र वाचलं. विनयाने तू नको म्हणतोस हे मी जाणतो. तुझा स्वभावच मागे राहण्याचा.

पण खरं सांगतो, तुझं उत्तर येण्याआधीच मी लिहून बसलो होतो. मोह आवरला नाही. मी मराठीत लिहिलं, सबिहा मॅडमनी इंग्रजी करून संगणकावरून पाठवलं. त्या दोनदा म्हणाल्या, "सर, ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना विचारलंत का?" मी म्हणालो, तो आणि मी एकच.

आणि काय सांगू! रोझमंडबाईंचं उत्तर चार दिवसांत आलं. त्यांचं वय ब्याऐंशी. त्या लिहितात, मुलगी म्हणून किताब माझ्याजवळून निघून गेला त्याचं मला काही नाही, दारावरची ती पाटी पुसत बसायचं वाचलं. पण एडमंडकाकांचा, म्हणजे आपल्या साहेबांचा, मुलगा हयात असेल तर मरण्याआधी मला त्याला बघायचं आहे. किताबासाठी आई-बापांचं लग्न झालेलं असावं लागतं, ते पुढचं पुढे. आधी रक्त एक आहे का, एवढं बघू. त्यासाठी त्या एक नळी पाठवत आहेत. तुझा पत्ता मी दिला. तू फक्त त्या नळीत थुंकायचं आणि परत पाठवायचं. बस्स. एवढ्याशा थुंकीत तीनशे वर्षं!

मला गेले कित्येक महिने सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. आता वाटतं. पाकिटावर तुझं नाव कसं लिहिलंय पाहिलंस का? म्हटलं, पोस्टमनलाही कळू दे.

तुझा,
व्यंकट


नांदेड
३० ऑगस्ट

मास्तर,

पाकिटावर तू 'सर सटवाजी' लिवलास. पोस्टमननं गल्लीत उभं राहून वाचलं. "कोन हाय हितं सर?" पानवाला हासला, त्याच्याकडची पोरं हासली. मी साठ वर्षं ह्या गल्लीत गिरणीवाला सटवाजी म्हनून राहिलो. आता पानवाला मला "सलाम सर" म्हनून राहिला.

चार दिसांनी ते नळीचं खोकं आलं. सून शिकलेली हाय, तिनं कागद वाचला. संध्याकाळी लेक पुढं येऊन बसला. मंग म्हनला, "दादा, आजी आन् तो साहेब..." ह्या वयात माझ्या लेकानं माझ्या आईबद्दल मला हे इचारलं. मास्तर, हे तुझ्या पत्रानं झालं.

तू म्हन्तो, तो आन् मी एकच. एक न्हाई. तू पोथीतला हायस.

तुला कधी सांगितलं न्हाई ते सांगतो, म्हंजे तू पुना लिवनार न्हाईस. मला ठावं न्हाई. खरंच ठावं न्हाई. मी आरशात डोळे बघतो आन् मला ठावं न्हाई. मी आईला इचारलं न्हाई, कारन तिनं काय सांगितलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं? सोळाव्या वर्षी निघालो तवा ती येशीपर्यंत आली. म्हनली, "लेकरा, मी खोटं बोलले न्हाई." मी मागं बघितलं न्हाई. पुढं बाप गेला तवा गेलो, ती गेली तवा गेलो. मधी कितीदा ती नांदेडला येते म्हनली, मी म्हनलो खोली ल्हान हाय.

सायबाचा कंपाउंडर मोहियोद्दीन, त्याची बायको बेगमबी अहमदपूरला हाय म्हन्तेत, जिती असंल तर. ती तवा बंगल्यावर हुती, तिला समदं ठावं असनार. अहमदपूरवरून किती बार एस्टीनं गेलो आलो. कधी उतरलो न्हाई. भ्या वाटतं.

नळीत मी थुंकनार न्हाई. खोकं अडगळीत टाकलंय. तुला कायबी कळलं तरी मला कळवू नको. चांगलं कळलं तरी नको, वंगाळ कळलं तरी नको. माझं थोडं राहिलंय, ते असंच जाऊ दे.

पत्र पाठवू नको.

सटवाजी


लातूर,
९ सप्टेंबर २०२४

सटवाजी,

तू नको म्हणालास तरी एवढं एक पाठवतो. पाकिटावर साधं नाव लिहिलंय.

मी चुकलो. मला एका मालवलेल्या किताबाचं वाईट वाटलं, आणि तू कशावर उभा आहेस ते मी पाहिलंच नाही. आयुष्यभर मुलांना शिकवलं की कवीला काय म्हणायचंय ते आधी समजून घ्या, मग चाल लावा. मी तुझ्या बाबतीत नुसतीच चाल लावत बसलो.

रोझमंडबाईंना कळवलं आहे की तपासणी होणार नाही आणि सटवाजीला याचा त्रास झाला आहे. तुझ्या लेकाला माझा निरोप सांग, की म्हाताऱ्या मास्तराला काही माहीत नव्हतं आणि त्याने बडबड केली. ते खरंही आहे.

आता लिहीत नाही.

व्यंकट


लातूर,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय सटवाजी,

हे पत्र टाकीन की नाही, मला माहीत नाही. तुला शब्द दिला होता. पण जे कळलं आहे ते एकट्याने घेऊन बसणं मला झेपत नाही. लिहून ठेवतो. पुढचं पुढे.

मागच्या महिन्यात रोझमंडबाईंचं उत्तर आलं. सबिहा मॅडम ते घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "सर, बसून घ्या." बाई लिहितात, तपासणी नको तर नको, मी त्यांची माफी मागते. पण तुम्ही त्या भागातले आहात म्हणून एक विचारते, आमच्या घरात कुणाला कधी उलगडलं नाही. एडमंडकाका परत आल्यापासून जेवणाच्या टेबलावर एकच गोष्ट सांगायचे. म्हणायचे, मला हिंदुस्थानात एक मुलगा होता. त्याच्या आईने सकाळी माझ्या मांडीवर ठेवला. संध्याकाळी मी तो टोपलीभर कोंड्यावर विकला. घरचे हसायचे, म्हणायचे उन्हाने डोकं गेलंय. मी लहान होते, मी विचारायची, विकलात कशाला? तर ते म्हणायचे, मला सांगितलं की तसं केलं तर तो जगेल. सर झाल्यावर, परत आल्यावर, ते किताबांच्या कचेरीतही जाऊन आले होते, त्या मुलाचं नाव लावा म्हणून. तिथल्या कारकुनाने विचारलं, कुणाच्या पोटी? लग्न कुठल्या चर्चमध्ये? काका म्हणाले, पोटचा नाही, लग्नाचाही प्रश्न नाही, पण मांडीवर दिलेला आहे. कारकुनाने त्यांना टोपी हातात देऊन दारापर्यंत पोचवलं. बाई विचारतात, हे काय होतं? खरं होतं का?

सटवाजी, कोंडा! तिला मी कोंड्याचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला तर ते तुझ्या पत्रातूनच कळलेलं.

मग मात्र राहवलं नाही. अहमदपूरला गेलो. तू उतरला नाहीस तिथे मी उतरलो. गुडघे म्हणत होते नको, गेलो.

बेगमबी जित्या आहेत. नव्वदीच्या पुढे, खाटेवर बसलेल्या, पण जीभ पानासारखी लाल आणि तेज. मी ठरवून गेलो होतो, कोंड्याचं नाव काढायचं नाही. नुसतं म्हणालो, मुखेडच्या नागुबाईच्या मुलाचा मित्र आहे.

"नागुचा? तो सटवाजी जित्ता हाय?"

"आहे. नांदेडला असतो."

"मग जगला की!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की सून चहा टाकून बाहेर आली. "सायबाला कुनीतरी सांगाया पायजे हुतं."

मी म्हणालो, गावात लोक वेगळं बोलायचे.

"लोकाच्या तोंडात माती. साहेब हिंगोलीहून आला तवा नागुला सातवा लागला हुता. मीच तिला कच्ची चिंच नेऊन द्यायची. मग कसं?"

"डोळे घारे म्हणून."

"अगो माय! निवृत्तीच्या आईचे डोळे बघितले नव्हते का कुनी? मांजरीवानी घारे. तिला कुनी सायबाची म्हनलं न्हाई, तवा साहेबच नव्हता मुखेडात!"

सटवाजी, तुझी आजी तू जन्मायच्या आधीच गेली होती ना? तुला कोण सांगणार होतं? मी विचारलं, पण साहेबाच्याच ओटीत का? बेगमबी जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, माझी चाल न लावता.

"चार गेली तिची. एक फकिराच्या वटीत घातलं हुतं, गेलं. एक माझ्या सासूच्या घातलं, ते बी गेलं. काय करावं तिनं? एक दिवस गोठ्यात गाय अडली. वासरू आडवं. सायबानं सदरा काढला, खांद्यापर्यंत हात घातला, वढून काढलं. मेल्यागत पडलं. तर त्यानं त्याच्या नाकात फुंकलं, पाय धरून हालवलं, चोळलं. घटकाभरानं वासरू हुबं! नागु तिथं शेन भरून राहिली हुती. मला म्हनली, बेगम, ह्याच्या हातचं जगतंय गं. ते मी इसरले न्हाई. ह्याच्या हातचं जगतंय.

"बारावा दिवस झाला. सकाळी साहेब वट्यावर चहा पिऊन राहिला हुता. ही आली, लेकरू त्याच्या मांडीवर ठिवलं, पाया पडली आन् चालती झाली. मागं बघायचं नसतंच. सायबाला काय ठावं? त्याला वाटलं, दिलं म्हंजे दिलं! त्यो लेकरू घेऊन आत गेला. आमच्या मियाँला म्हनला, दुधाची शेळी आना. दिवसभर गोठ्याकडं फिरकला न्हाई. त्याच्या भाषेत त्या लेकराला काय काय सांगून राहिला हुता. मी दूध पाजायचे, तो बाजूला हुबा. मला हासू यायचं.

"दिवे लागायच्या टायमाला नागु सुपात कोंडा घिऊन आली. निवृत्ती फाटकाशी. तर हा देईना! म्हनला, दिलं ना? मग माझा हाय. नागु भेली. शेवटी मियाँनं समजावलं. म्हनला, साहेब, ही आमची रीत. सटवाई आईची लेकरं नेते, दुसऱ्याचं लेकरू नेत न्हाई. म्हनून ते तुमचं. कायम तुमचं. ही नुसती राखनार. तुम्ही कोंडा घ्या आन् राखायला द्या, तरच जगंल. साहेब लई येळ बसला. मग उठला, फाटकापर्यंत गेला आन् लेकरू नागुच्या न्हाई, निवृत्तीच्या हातात दिलं. आन् वट्यावर येऊन रडला की वो. येवढा ताडाएवढा मानूस. कोंडा त्यानं दुसऱ्या दिवशी त्या बाळंत गाईला घातला, आपल्या हातानं."

मी विचारलं, हे तुम्ही गावात कुणाला सांगितलं नाहीत?

"कुनी इचारलं? वरसाभरात पोलीस ॲक्शन झालं. धामधूम, पळापळ. आम्ही मुखेड सोडलं ते सोडलं. साहेब बी गेला. नागु एकलीच राहिली खरं सांगायला. एकलीचं कोन ऐकतं?"

सटवाजी, एवढंच. यात मला आता काही कविता करायची नाही. तुझ्या आईने चार मुलं पुरली होती आणि पाचव्याला जगवायला तिला सापडला तो सगळ्यात भरवशाचा हात तिने निवडला. त्यासाठी पुढे तिला काय काय ऐकावं लागलं ते तुला माहीत आहे. ती तुला वेशीपाशी जे म्हणाली ते खरं होतं. तू निवृत्तीकाकांचा आहेस, पोटचा, रक्ताचा, त्यात तसूभर फरक नाही. तू 'सर' नाहीस. तो किताब इतिहासात लिहिलाय तसाच संपला, आणि तिकडच्या कायद्याने ते बरोबरच आहे. फक्त तो शेवटचा सर मरेपर्यंत समजत होता की त्याचा वारस मुखेडला राखायला दिलेला आहे. रोझमंडबाईंना मी तेवढं कळवलं. त्यांनी उलट लिहिलं, की काका वेडे नव्हते हे मला ब्याऐंशीव्या वर्षी कळलं, तुमच्या मित्राला सांगा.

पण कसं सांगू? तू म्हणालास चांगलं कळलं तरी नको. आणि मला कळतं ते. वाईट कळलं असतं तर तू ते सोसलं असतंस, तेवढी सवय तुला आहे. पण हे चांगलं कळलं की मग ती वेस, ते मागे न बघणं, ती लहान खोली, हे सगळं तुझ्या अंगावर येणार. म्हणून तुला भ्या वाटत होतं का रे? मी हे पत्र फाडावं का? चार दिवस ते टेबलावर पडून आहे. रोज दोन ओळी लिहितो आणि दमतो. आज ठरवलं होतं की

थांब. दार वाजतंय. पाण्याचा दिवस नाही, सबिहा मॅडम कॉलेजात आहेत. कोण असेल?

...

सटवाजी, तू मोरीवर पाय धुतो आहेस आणि मी आत बसून तुलाच पत्र लिहितो आहे. लिहिल्याशिवाय मला खरं वाटणार नाही. दार उघडलं तर तू. हातात पिशवी, टोपी वाकडी, पायरी चढून धापा टाकतोस. नांदेडहून लातूर, एस्टीने, या गुडघ्यांवर.

तू म्हणालास, "सवा महिना झाला. एक कागद न्हाई तुझा."

मी तुझ्या कानाशी ओरडलो, "तूच म्हणाला होतास, लिहू नको!"

"हाव. पन तू कधी कुनाचं ऐकलास? तू गप बसलास म्हंजे तुला कायतरी कळलं, हे मला समजलं की. महिनाभर जेवन जाईना." मग टेबलाकडे बघितलंस. "लिवून ठिवलास ना?"

मी मान हलवली.

तू उंबऱ्यातच उभा होतास, आत येईनास. लहान मुलासारखा हात पुढे केलास.

"दे मंग. समदं नको, मास्तर. आई ज्या पानावर आलीय, ते पान दे आधी."